सासूबाई प्रेत झाल्या त्या संध्याकाळी

दुसरा ग्लास निम्मा झाला आणि धाकटीचा हात आपसूक खुर्चीखाली गेला.

"काढ तो हात," नवरा दातांतल्या दातांत म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. वाटेल रुमाल पडला असेल." बोटं आणखी आत गेली, इकडेतिकडे फिरली, आणि धाकटीने कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं. "फोम!"

"बसल्या बसल्या कळलं मला."

"मग बोलला नाहीत ते?"

"आज खुर्च्यांवर बोलायचं नाही, असं तूच म्हणालीस घरातून निघताना."

म्हणाली होती खरी. बाकीची जोडपी बाहेर जेवायला गेली की दुसऱ्यांचे कपडे बघतात, ताटातलं बघतात, फार झालं तर एकमेकांकडे बघतात. ही दोघं जातील तिथे बुडाखालचं बघत. सोफे आणि खुर्च्या मढवण्यात जन्म गेला की असंच होतं. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसली असताना दोघांनी मिळून तिथला बाक उलटा केला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन, पेशंट नक्की कोण, असं विचारलं होतं.

पण आजची गोष्ट वेगळी होती. आज टेबलावर मेणबत्ती होती, लाल वाइन होती, आणि नवऱ्याने स्वतःच्या लग्नातला कोट घातला होता. खरं तर कोटानेच त्याला घातलं होतं.

"श्वास घेताय ना?" धाकटीने विचारलं.

"थोडा थोडा."

सूप आलं. तो वास घ्यायला वाकला, आणि पोटावरचं बटण टुणकन उडून थेट सूपमध्ये पडलं. दोघं बघत राहिली. बटण एकदा वर आलं, स्वतःभोवती फिरलं आणि बुडालं.

"हं, आता मोकळं वाटलं," नवरा म्हणाला.

धाकटी अशी हसली की वाइन नाकात गेली. वेटर धावत आला. काही हवंय का? नवऱ्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं, "खोलगट चमचा द्या एक. सापडायला हवं."

मग भाजलेला मासा आला, लोण्यात परतलेले बटाटे आले, धाकटीचा तिसरा ग्लास आला. नाटकाला अजून अवकाश होता. नाट्यगृह समोरच्याच वळणावर, आणि आज तिथे तिच्या सासूबाई, म्हणजे नवऱ्याची आई, प्रेताची भूमिका करणार होत्या.

हे सासूबाईंचं नवं खूळ. गावातल्या हौशी मंडळींनी रहस्यनाट्य बसवायला घेतलं, तेव्हा या आपण होऊन जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्याला प्रेतच हवं म्हणून हटून बसल्या. "पाठांतर नाही, नाचायचं नाही, दोन अंक नुसतं आडवं पडायचं," त्या म्हणाल्या. "लग्न करून आले तेव्हापासून याच भूमिकेची वाट बघतेय मी." दोन्ही मुलांना त्यांनी तिकिटं दिली, आणि देताना डोळ्यांची पापणीही न लववता सांगितलं की दोघांचे दिवस वेगळे आहेत, काळजी नको.

काळजीचं कारण होतं. नवरा आणि त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, यांच्यात गेली तीन वर्षं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून? फोमवरून. दादा म्हणाला, आता स्प्रिंग आणि काथ्याचे दिवस गेले, फोम भरू. धाकटा म्हणाला, फोम भरायचा तर मग पावच भरा, तोही दाबला की बसतो. दादाने हातोडी ठेवली, धाकट्याने कात्री ठेवली, आणि आठवड्याच्या आत सामाईक कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. अलीकडे स्प्रिंग, पलीकडे फोम. सासूबाई महिनाभर इकडे जेवत, महिनाभर तिकडे, आणि दोन्हीकडे मीठ कमी आहे म्हणत.

भावांचं ठीक होतं. दोघांनाही अबोला धरायची हौसच होती. पण भिंत पडली ती दोन सुनांच्याही मधून. थोरली आणि धाकटी याआधी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून शिवत. एकच मोठं कव्हर, एकीने त्या टोकाने सुरुवात करायची, दुसरीने या टोकाने, आणि मध्ये भेटेपर्यंत अख्ख्या गल्लीची उलटतपासणी पूर्ण व्हायची. दोघी सख्ख्या जावा, पण जावांसारखं त्यांच्यात काही नव्हतं. आता नवरे बोलत नाहीत तर आपण कसं बोलायचं, असं म्हणून दोघी गप्प राहिल्या, आणि गप्प राहण्याचीही एक सवय लागत गेली.

धाकटीने बटाट्यात काटा खुपसला आणि सोडून दिला.

"पुढच्या महिन्यात जाणार म्हणे."

"कोण?"

"मशीन. पलीकडचं. परवा आई बोलता बोलता बोलून गेल्या. दादांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला जागा बघितलीय."

नवरा माशाचा काटा काढण्यात फार गुंतला. "जाईना. खटखट तरी थांबेल."

"तुम्हाला खटखट वाटते ती. मला त्यातून कळतं ती काय शिवतेय. जाड कापड आलं की मशीन दमतं. कडेला पायपिंग लावताना थांबत थांबत जातं. काल दुपारभर ती काहीच शिवत नव्हती."

"मग काय करत होती?"

"तेच तर कळलं नाही ना! भिंत आहे मध्ये." तिने ग्लास उचलला. "मी काही दादांना थांबवायला सांगत नाही. मला फक्त ती जायला नकोय."

नवऱ्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला. बायको असं काही बोलली की तो तिच्या ताटात काहीतरी वाढत असे. त्याने तिला स्वतःचा मासा दिला.

नाट्यगृहापर्यंतचा रस्ता जेमतेम चार दुकानांचा, पण तेवढ्यातही धाकटी दोनदा त्याच्या दंडाला लटकली आणि एकदा एका विजेच्या खांबाला "माफ करा हं" म्हणाली. कोट उघडाच होता, बटण खिशात होतं. तिसऱ्या रांगेत तिकिटावरचे आकडे बघत, लोकांच्या गुडघ्यांना धडकत, खिदळत ती आपल्या जागेपाशी पोचली आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

शेजारच्या खुर्चीत थोरली बसली होती. तिच्या पलीकडे दादा.

गडद निळा पायघोळ झगा, केस वर बांधलेले, ओठांना जरासा रंग. थोरलीच्या गालांवरही बऱ्यापैकी लाली होती. म्हणजे त्या दोघांनीही नाटकाआधी ग्लास रिकामे केले होते.

"आईने फसवलं," दादा समोरच्या पडद्याला म्हणाला.

"आईने फसवलं," धाकटा त्याच पडद्याला म्हणाला.

तिसरं कोणी काही म्हणायच्या आत दिवे गेले.

पडदा वर गेला. सोफ्यावर सासूबाई मरून पडल्या होत्या. इतक्या मन लावून मेल्या होत्या की पहिल्या रांगेतल्या कोणीतरी "अरेरे" केलं. औषधाच्या दुकानातले गृहस्थ इन्स्पेक्टर झाले होते. ते मिशी सांभाळत आले, प्रेताची नाडी बघितली, चादर वर ओढली आणि गर्जले, "या बाई मेलेल्या आहेत!"

"दोन्ही पाय हलवले तिने," नवरा कुजबुजला.

धाकटीचं लक्ष नव्हतं. थोरलीच्या कपड्यांना तोच वास होता, मशीनच्या तेलाचा आणि साबणाचा. काय बोलावं? बऱ्या आहात ना? नवी जागा कशी आहे? तीन ग्लास पोटात असूनही एक शब्द ओठांपर्यंत येईना. हातांना मात्र काहीतरी करायला हवंच होतं. उजवा हात दोन खुर्च्यांमधल्या फटीत घसरला आणि चाचपू लागला.

नाट्यगृहाच्या या सगळ्या खुर्च्या दादाने नुकत्याच नव्याने मढवल्या होत्या. धाकटीचं बोट थोरलीच्या बैठकीच्या कडेवर फिरलं आणि थांबलं. शिवण उसवली होती. चांगली वीतभर.

आधी तिला आनंद झाला. चांगला, खोडकर, भरघोस आनंद. बघा तुमचा फोम! मग लगेच तो विरला. फोम दादाचा, पण शिवण थोरलीची. उद्या कोणाच्या तरी लक्षात येणार, बोट घालून घालून भोक मोठं करणार, आणि म्हणणार, काय बाई शिवलंय हे.

थोरलीला कोणी असं म्हणणार? मग आपण इथे बसलोय कशाला?

कॉलरच्या आतल्या बाजूला धाकटी नेहमी अर्धगोल सुई टोचून ठेवी, मेणाच्या दोऱ्यासकट. इतर बायका सेफ्टीपिन बाळगतात तशी. अंधाराचं तिला काही वाटलं नाही. सोफ्याच्या पोटात बघायला मिळत नाही, सगळं बोटांनी करावं लागतं, म्हणून सासूबाईंनी दोन्ही सुनांच्या हातांवर चादर टाकून त्यांना न बघता शिवायला शिकवलं होतं. घरात त्याला आंधळा टाका म्हणत. बाहेरून दिसत नाही, आतून सुटत नाही.

रंगमंचावर शाळेतल्या संगीताच्या बाई सुरात रडत होत्या. धाकटीने सुई आत घातली, वळवली, बाहेर काढली. टाका, ओढ. टाका, ओढ. काय सुंदर बसत होते टाके! कापड जरा जास्तच जाड लागत होतं, पण नाट्यगृहाचं कापड जाडच असायचं. अंक संपेपर्यंत शिवण पुरी झाली. तिने गाठ मारली, दोरा दाताने तोडला, आणि थोरलीला न सांगता तिच्यासाठी काहीतरी केल्याचं गुपित समाधान घेऊन ती मागे टेकली.

दिवे लागले. मध्यंतर.

"चल, चहा घेऊ," दादा थोरलीला म्हणाला आणि तरातरा निघाला. थोरली उठली. उठल्यावर आपोआप मिटणारी ती बैठक होती. ती थोरलीबरोबर उठली, पाठीला चिकटली, मग तिने थोरलीला झग्यासकट मागे खेचलं आणि परत खाली बसवलं. थोरली पुन्हा उठली. खुर्चीने पुन्हा बसवलं.

"काय गं?" दादाने मागे वळून विचारलं.

थोरलीने हात खाली घातला. बोटं कडेवरून फिरली, अगदी हळू. धाकटी समोर बघत राहिली. तिच्या कानांना आग लागली होती.

"हा टाका मी ओळखते," थोरली म्हणाली. तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. "तू मला खुर्चीला शिवलंस?"

"शिवण उसवली होती, ताई."

"कोणाची?"

"तुमची."

"माझी शिवण उसवत नाही!"

"वीतभर उसवली होती."

"शक्य नाही. मी दुहेरी दोरा घेतला होता."

"फोम बसला की दोरा सैल पडतो," धाकटा पलीकडून म्हणाला. त्याला राहवलंच नाही.

दादा गर्रकन वळला. "फोमचा काय संबंध? स्प्रिंग असती तर तिने आत्तापर्यंत कापडच फाडलं असतं!"

"स्प्रिंगने आजवर एक तरी कापड फाडलंय का, सांग! एक!"

"सांगू? नगरवाचनालयाचा सोफा!"

"तो उंदराने फाडला!"

"दोघं गप्प बसा!" थोरली आणि धाकटी एका दमात म्हणाल्या. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. थोरलीच्या हनुवटीला थरथर सुटली. ती हनुवटी धाकटीला पाठ होती. आता पाच-दहा मिनिटं काही खरं नव्हतं.

"हसू नका, ताई. तुम्ही हसलात की मी..."

"तू शिवतेस... आणि मी... अख्खा अंक..." थोरलीच्या तोंडून शब्दच फुटेनात. "मला वाटलं, उंदीर आहे! उंदीर समजून मी पाय वर घेऊन बसले होते गं!"

कात्री मागवावी, असं दादाचं मत पडलं. कात्रीने झगा जाईल, असं दोघी म्हणाल्या. टाके एकेक करून उसवायला हवे होते. तेवढ्यात घंटा झाली, लोक परतले, भाऊ आपापल्या टोकाला बसले, दिवे गेले. दुसरा अंक सुरू झाला तेव्हा दोघी जावा खुर्च्यांमधल्या फटीत डोकं घालून बसल्या होत्या आणि चार हात अंधारात एकाच शिवणीवर काम करत होते. थोरलीने त्या टोकाने सुरुवात केली होती, धाकटीने या.

"कधी निघणार?" धाकटीने कुजबुजत विचारलं.

"पुढच्या महिन्यात. किल्ली घेतलीय यांनी."

"बोलला नाहीत ते."

"कुठे बोलू? भिंतीला? तू एकदा तरी टकटक केलीस का?"

"तुम्ही तरी कुठे केलीत?"

थोरलीची बोटं थांबली. "तू शिंकलीस ना, की मी मशीन थांबवायचे. तुला एक शिंक कधी येत नाही. दुसरी येईपर्यंत थांबायचे. तिसरी आली की समजायचं सर्दी झाली." ती पुन्हा उसवायला लागली. "काल तू दिवसभर शिंकली नाहीस. माझं शिवण्यात लक्षच लागेना."

धाकटीला रडू आलं की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. जे आलं ते नाकातून आलं, आणि मोठ्याने आलं.

नेमकं तेव्हा रंगमंचावर शांतता होती. चादरीखालच्या प्रेतापाशी उभे राहून इन्स्पेक्टर घोगऱ्या आवाजात म्हणत होते, "या खोलीत कोणीतरी... काहीतरी... लपवतंय."

थोरली फुटली. तिच्या पाठोपाठ धाकटी. नवऱ्याने तोंडात रुमाल कोंबला, तरी त्याची खुर्ची गदगदा हलायला लागली. आणि तिकडच्या टोकाला दादा, ज्याला गेल्या तीन वर्षांत कोणी दात काढताना पाहिलं नव्हतं, तो समोरच्या खुर्चीवर कपाळ टेकून केविलवाणा आवाज काढत होता.

मग धाकटीने वर बघितलं. सोफ्यावरची चादर हलत होती. आधी पोटापाशी, मग खांद्यापाशी. प्रेक्षकांत कुजबुज झाली. औषधवाले इन्स्पेक्टर घाबरून एक पाऊल मागे सरले.

चादर झटक्यात बाजूला झाली आणि सासूबाई उठून बसल्या. चेहरा पावडरने पांढराफेक.

"तिसऱ्या रांगेत कोण ते खिदळतंय?" त्या कडाडल्या. "मेल्यावर तरी माणसाला निवांत पडू द्याल की नाही?"

आणि पुन्हा आडव्या झाल्या. चादर स्वतःच ओढून घेतली.

 मग इन्स्पेक्टरांना काय सुचलं कोण जाणे, ते खाडकन हवालदाराकडे वळले. "बघता काय? प्रेताचा जबाब नोंदवून घ्या!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. पुढचं नाटक कोणालाच धड ऐकू आलं नाही. खुनी कोण निघाला ते धाकटीला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि संगीताच्या बाई फार चिडल्या होत्या एवढंच नंतर समजलं.

नाट्यगृह रिकामं झालं. चौघं तिथेच होती. सासूबाई बाजूच्या दारातून आल्या, पावडर तशीच, हातात कोणीतरी दिलेली फुलं.

"आई, ही तुझी करणी," दादा म्हणाला.

"मी मेलेय. मला काही विचारू नका." त्या पुढच्या रांगेत टेकल्या आणि पाय लांब केले. "भूक लागलीय मात्र."

"चल," दादाने थोरलीला हात दिला. "ऊठ."

"नाही उठत."

"अजून उसवलं नाही? इतका वेळ दोघी करत काय होतात?"

"धाकटीचा टाका आहे तो. सहजी सुटतो होय?" थोरलीने झगा नीट सावरून घेतला आणि खुर्चीत आणखी आरामात बसली. "तुम्ही जा. नव्या जागेची किल्ली घेतलीय ना? तिथे बसा जाऊन. मला इथून हलता येत नाही."

"हे काय भलतंच?"

"भलतं नाही. मला जायचं नाहीये. ना या खुर्चीतून, ना आपल्या कारखान्यातून. तीन वर्षं कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही."

दादा उभाच राहिला. त्याने बायकोकडे बघितलं, मग आईकडे. आईने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा मेली. शेवटी त्याची नजर भावावर गेली. धाकट्याने घसा खाकरला.

"तिथे उजेड कसा आहे, दादा? नव्या जागेत?"

दादा कपाळ खाजवत म्हणाला, "खरं सांगू? दुपारनंतर काही दिसत नाही."

"मग रंग कसे जुळवणार?"

"तोच प्रश्न आहे." दादा हळूच समोरच्या खुर्चीच्या हातावर टेकला. "तू बघायला येतोस का एकदा? नको, बघून काय करणार. जागाच चुकलीय."

 आता निदान शेवटचे टाके तरी सोडवावेत, म्हणून धाकटीने खाली हात घातला. कडेवर इकडून तिकडे बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

एकही टाका उरला नव्हता. झगा केव्हाच मोकळा होता.

तिने थोरलीकडे बघितलं. थोरली अगदी साळसूदपणे समोर बघत होती, आणि तिच्या मुठीत मेणाच्या दोऱ्याचं एवढंसं भेंडोळं होतं. दुसऱ्या हाताने तिने धाकटीचा हात खुर्चीखालीच पकडला आणि गच्च दाबला.

"सुटतंय का गं?" दादाने विचारलं.

"नाही हो, दादा," धाकटी म्हणाली. "दोरा फारच पक्का आहे."